अण्णांच्या कॅसेटी, अभिषेकीबुवांचा जोगकंस आणि दोन प्रश्न

काळी चार (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. प्रश्न कॅसेटींबद्दल आहे, पण नुसता विचारला तर मला काय म्हणायचंय ते कळणार नाही, म्हणून आधी थोडं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या वाडीतले अण्णा या जूनमध्ये गेले, पाऊस धरला त्याच आठवड्यात. वय झालेलं, पोस्टातून रिटायर होऊनही जमाना झाला होता, तेव्हा अकाली गेले असं कोणी म्हणणार नाही. पण मला गाणं ऐकायला शिकवलं ते त्यांनी. गायला नव्हे, ऐकायला. शाळेत असताना संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो, त्यांच्या रेडिओवर पणजी केंद्र स्वच्छ लागायचं, आणि मी मधेच काही विचारायला तोंड उघडलं की "गप ऱ्हव आणि आयक" एवढंच उत्तर. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, त्यांची मान हलायची, त्या मानेवरून मला सम कुठे पडते ते कळायला लागलं, तालाचं पुस्तक फार नंतर हातात आलं.

अण्णांचं दैवत म्हणजे पं. जितेंद्र अभिषेकी. नाव कधी घ्यायचे नाहीत, नुसतं "बुवा". वाडीत भजनी बुवा पुष्कळ, पण अण्णांच्या तोंडी बुवा म्हणजे एकच. गोव्यात मंगेशीला देवदर्शनाला गेलो की देवळातून बाहेर पडल्यावर दर वेळी सांगणार की बुवा इथले, १९२९ साली इथे जन्मले, मूळ आडनाव नवाथे, मंगेशावर अभिषेक करणारं घराणं म्हणून अभिषेकी. आम्ही ते शंभरदा ऐकलेलं तरी त्यांना थांबवावंसं कधी वाटलं नाही, कारण सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

बुवांच्या नाट्यसंगीतावर तर ते तासभर बोलायचे. एरवी मितभाषी माणूस. १९६४ चं 'मत्स्यगंधा', मग 'ययाति आणि देवयानी', मग १९६७ ला 'कट्यार', तीन-चार वर्षांत या माणसाने नाट्यपदाचं रूप बदललं असं त्यांचं म्हणणं. आधी काय व्हायचं की पद सुरू झालं की नाटक थांबायचं, नट गात बसायचा, वन्समोअर यायचे, गोष्ट तिथेच ताटकळत उभी. बुवांनी चाल आटोपशीर बांधली आणि पदातूनच नाटक पुढे सरकायला लागलं. हे मला वाचून कळलेलं नाही, अण्णांनी एकेक पद वाजवून, टेप थांबवून, मागे नेऊन, परत लावून दाखवलेलं आहे.

७ नोव्हेंबर १९९८ ला बुवा गेले. तुळशीची लग्नं नुकतीच लागलेली, जत्रांचे दिवस सुरू होत होते. बातमी कळल्यावर मी धावत त्यांच्याकडे गेलो तर ते कॅसेट शोधत होते, डोळे लाल. एक कॅसेट काढली, लावली, आणि एक अख्खी बाजू आम्ही ऐकली, पहिल्या सुरापासून खट्ट करून बटण वर येईपर्यंत. कोणी बोलायचं नाही, चहा नाही, उठायचं नाही. त्या दिवसापासून तो नियमच झाला. पं. भीमसेन जोशी गेले तेव्हा, २४ जानेवारी २०११. किशोरीताई आमोणकर गेल्या तेव्हा, ३ एप्रिल २०१७. रामदास कामत गेले ८ जानेवारी २०२२ ला, आणि कामत म्हणजे गोव्यातल्या साखळी गावचे, बुवांच्या चाली रंगभूमीवर ज्यांच्या गळ्यातून आल्या ते, तेव्हा अण्णांना फार लागलं. शेवटचं प्रभाकर कारेकर, १२ फेब्रुवारी २०२५, तेही गोव्याचे आणि बुवांकडे शिकलेले. तोवर अण्णांना ऐकू कमी यायचं, आवाज मोठा करून खुर्ची टेपच्या अगदी जवळ ओढून बसले, पण बाजू पुरी केली.

आणि अण्णा गेले त्या रात्री मी त्यांच्यासाठी काही लावू शकलो नाही. काय लावावं तेच कळेना. अजून लावलेलं नाही.

मला जे बोलायचंय ते असं की बुवा गेले तेव्हा दुःख झालं खरं पण ते वाटून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा होते, पडवी होती, टेप होता, बुवा परत गायला लागले. आता बुवांचा आवाज आहे तसाच आहे, माझ्या फोनमध्येसुद्धा आहे, पण गाण्यातली एखादी सुरेख जागा आली की मी बाजूला बघतो आणि तिथे कोणी नसतं, मग पुढचं ऐकवत नाही. सत्तावीस वर्षांनी बुवा आत्ता गेल्यासारखे वाटतात. हे कोणाला घरी सांगता येत नाही, म्हणून इथे.

आता प्रश्न. काकूंनी सगळ्या कॅसेटी माझ्याकडे दिल्या, त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो, तोही म्हणाला की तुमच्याकडेच राहू देत. बहुतेक बाजारातल्या आहेत, पण काही अण्णांनी स्वतः भरलेल्या, त्यातली एक म्हणजे गोव्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात बुवांनी गायलेला जोगकंस राग. तारीख होती ती शाई पसरून गेलीय. एका दुकानदाराने ती डिजिटल करून द्यायचं कबूल केलंय आणि तो म्हणतो की सॉफ्टवेअरने सगळं साफ करतो, खरखर, खोकले, मधली बडबड, नुसतं गाणं राहील. पण त्या कॅसेटमध्ये विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या भागात, एका समेला अगदी माइकजवळून आवाज येतो, "आहा… काय रे देवा". ते अण्णा आहेत. चाळिशीतले अण्णा. साफ केलं की ते जाणार.

तर एक, साफ करावं का, आणि करायचं तर कसं. दोन, ७ नोव्हेंबरला त्यांच्या अंगणात बसायचं ठरतंय, बुवा आणि अण्णा दोघांसाठी मिळून, तेव्हा काय लावावं?

रत्नांग्रीकर

काळी चार, अण्णांना माझा नमस्कार. तुमचं वाचून माझे वडील आठवले, दर जानेवारीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात आर्ट सर्कलचा महोत्सव असतो त्याला ते स्वेटर-मफलर घालून पहिल्या आलापापासून हजर. त्यांच्या कॅसेटी मी घरीच केल्या, म्हणून अधिकाराने सांगतो, ती कॅसेट दुकानात देऊ नका. निदान आत्ता नको.

सगळ्यात आधी ती उजेडात धरून बघा. आपल्याकडचा पावसाळा कॅसेटीचा वैरी आहे, टेपच्या कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी, तशी कॅसेट चुकूनही लावायची नाही, कारण ती भुकटी डेकच्या (कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या) हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मग तुम्ही लावाल त्या प्रत्येक कॅसेटीला जाते. ऊन नको, आधी काही दिवस कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. मग बुरशी मऊ कोरड्या ब्रशने झाडायची, तीसुद्धा घराबाहेर आणि तोंडाला मास्क लावून.

टेपखाली मधोमध एक छोटी स्पंजची गादी असते, प्रेशर पॅड. जुन्या कॅसेटीत तिचा गोंद सुकून ती गळून पडते आणि आवाज येतो-जातो, लोकांना वाटतं कॅसेट खराब झाली. खराब काही नसतं. स्क्रूवाली दुसरी चांगली कॅसेट घ्यायची, तिचे स्क्रू काढायचे आणि जुन्या कॅसेटीतली दोन्ही चाकं टेपसकट उचलून नव्या खोक्यात बसवायची. जुनं खोकं स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर कडेने हळूहळू उचकटावं लागतं, घाई केली तर टेप चिरते. टेप तुटलीच तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद उन्हाळ्यात वितळून बाजूच्या वेढ्यांना लागतो. त्यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते.

डेक चांगला हवा. हल्ली थेट यूएसबीने जोडायचे स्वस्त प्लेअर मिळतात त्यांचा वेग स्थिर नसतो, बुवांचा षड्ज हलायला लागला तर काय उपयोग. कोणाकडे जुना नीट डेक असेल तो मागून आणा, हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कान साफ करायच्या काड्या त्यासाठी उत्तम. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मग हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर इकडे-तिकडे फिरवून तंबोऱ्याचा आवाज सगळ्यात उजळ कुठे लागतो ते बघा. त्याला अझिमथ म्हणतात. अण्णांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं त्या कोनात तुमचं आलं की पडदा सरकल्यासारखा आवाज उघडतो, आणि हे दुकानात कोणी करत बसत नाही.

डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर, माइकच्या भोकात नको, आवाज फाटतो. ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. वेव्ह फाइल करा, एमपी३ नंतर हवी तेवढी काढता येते. तासाला साधारण सहाशे एमबी जागा लागते, आजच्या काळात काहीच नाही. जितका वेळ कॅसेट तितकाच वेळ रेकॉर्डिंग, सी-९० असेल तर पाऊण तासाची एक बाजू, शॉर्टकट नाही.

आणि तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: पहिली फाइल जशी येईल तशी ठेवायची. खरखरीसकट, खोकल्यासकट, अण्णांसकट. तिला हात लावायचा नाही, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवायची. साफ करायचं ते त्याच्या कॉपीवर. सॉफ्टवेअरला खरखर कुठली आणि तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) कुठली हे कळत नाही, जास्त घासलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि एकदा गेलेलं परत आणता येत नाही.

सुरंगी

दादा, तुमची पोस्ट वाचून खूप वेळ नुसती बसून होते. मी मालवणची, आता लग्नानंतर डोंबिवलीत.

पण माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. बुवा किती काटेकोर गायचे. आवाज निसर्गाने भरभरून दिला आणि ते गायला बसले असं नव्हतं ते, विचार करून, घासून-पुसून मिळवलेलं गाणं होतं. एकेका शब्दाला कसं वजन द्यायचं, कुठे सोडायचं. 'माझे जीवन गाणे' ऐका, पाडगावकरांचे शब्द, पुलंची चाल, पण त्यात बुवांनी एक अक्षर चुरगळलेलं नाही. अशा माणसाचं गाणं लोकांपर्यंत जाताना मधे कोणी खोकतंय, कोणी बोलतंय, हे मला गायकावर अन्याय वाटतो. अण्णांचा आवाज तुमच्यासाठी आहे, तो तुम्ही जपा, नक्की जपा. पण अंगणात वीस-पंचवीस माणसं बसणार, त्यातली निम्मी तरुण असतील आणि बुवांना पहिल्यांदाच नीट ऐकतील, त्यांना गाणं शुद्ध मिळायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे.

माझी एक मैत्रीण होती, कॉलेजातली, आम्ही दोघी 'गर्द सभोवती' ऐकून वेड्या झालेल्या, आशालताबाई वाबगावकरांचा तो आवाज आणि बुवांची ती चाल. आशालताबाई सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने गेल्या, आणि त्याच काळात मैत्रीणही गेली, त्याच आजाराने. तेव्हा कोणाला भेटता येत नव्हतं, घरी जाता येत नव्हतं, तिच्या आईला फोनवर काय बोलू सुचेना. तुम्ही ती एक बाजू पूर्ण ऐकण्याचं लिहिलंय ना, मला तेव्हा असं काही माहीत असतं तर मी केलं असतं. आता करणार आहे. उशीर झाला तरी.

मांडवीकाठ

मी पणजीची, गाणं शिकतेय, बुवांना प्रत्यक्ष ऐकायचं भाग्य नाही, माझा जन्मच नंतरचा. पण जोगकंस म्हटल्यावर राहवलं नाही.

काळी चार, तुम्हाला माहीत असेलच, तरी इथे बाकीचे वाचतायत म्हणून लिहिते. जोगकंस ही पं. जगन्नाथबुवा पुरोहितांची देणगी, 'गुणीदास' नावाने बंदिशी करायचे ते. खाली जोग रागाचे दोन्ही गंधार आणि वर गेलं की चंद्रकंस रागाचा कोमल धैवत, शुद्ध निषाद, दोन वेगळे स्वभाव एका रागात नांदवायचे, आणि सांधा दिसता कामा नये. अभिषेकीबुवा जगन्नाथबुवांचे शिष्य. म्हणजे तुमच्या कॅसेटमध्ये शिष्य आपल्या गुरूची निर्मिती गातोय. शिवाय अझमत हुसेन खाँसाहेब, गुलूभाई जसदनवाला, त्याआधी गिरिजाबाई केळेकर, इतक्या जणांकडून घेतलं त्यांनी, आणि तरी गाणं गोधडी झालं नाही, एकसंध राहिलं. तुमच्या अण्णांनी एकाच वाक्यात हे तुम्हाला कधीतरी सांगितलं असणार.

सुरंगीताई, तुमचं म्हणणं पटतं आणि नाहीही. माझे गुरुजी आम्हाला मैफलीची रेकॉर्डिंग ऐकायला देतात आणि मुद्दाम सांगतात की श्रोत्यांकडे लक्ष द्या. कुठे दाद आली, दाद आल्यावर गवई काय करतो, तीच जागा वाढवतो की सोडून पुढे जातो. स्टुडिओत हे नसतं. बुवांनी ती सम घेतली आणि समोरून "आहा" आलं, त्यानंतरचं तालाचं आवर्तन ते कसं भरतात ते ऐका, दादा. मला खात्री आहे की काहीतरी बदललेलं असेल. मग अण्णांचा तो आवाज गाण्याच्या बाहेरचा कसा म्हणायचा?

एक मात्र सांगते, काळजीपोटी. यूट्यूबवर चढवू नका. आपल्या कायद्यात गायकाचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो, पन्नास वर्षांपर्यंत, आणि खाजगीत केलेलं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय जाहीर करणं बरोबर नाही. त्यांच्या घरच्यांना, शिष्यांना विचारून करा. घरात, अंगणात चार माणसांत ऐकायला काहीच हरकत नाही.

काळी चार (वेंगुर्ला)

सगळ्यांचे आभार, मनापासून.

रत्नांग्रीकर, तुम्ही म्हणालात तसं बघितलं. कडेला बुरशी आहे, थोडी. डब्यात ठेवलीय. खोकं चिकटवलेलं आहे. ते उचकटायला माझा हात धजावत नाही, आमच्या इथे घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांना विचारलं, ते तयार आहेत, अण्णांचंच घड्याळ त्यांनी कित्येकदा उघडलेलं. डेक कुडाळच्या एका मित्राकडे आहे.

मांडवीकाठ, तुमचं वाचलं आणि अंगावर काटा आला. कॅसेट आत्ता लावता येत नाही, पण मला ती पाठ आहे. "आहा" नंतर बुवा ती जागा परत घेतात. तीच. थोडी खालून. मी इतकी वर्षं ऐकतोय आणि हे असं जोडून कधी बघितलं नव्हतं, अण्णांनीही स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही. त्यांचा स्वभावच नव्हता तो.

कव्हरच्या आतल्या बाजूला अण्णांचं बारीक अक्षर सापडलं, पेन्सिलीचं, म्हणून टिकलंय. "पेटी थोडी मोठी येते. दुसऱ्या बाजूला वीज गेली, बुवा थांबले नाहीत." बाजारातल्या कॅसेटींच्या कागदांवरपण असंच काहीबाही आहे, कुठल्या वर्षी कुठे घेतली, कोणाबरोबर ऐकली. एकावर माझं नाव आहे, शेजारी "दहावीचा निकाल". मला आठवतंय ते. पेढे घेऊन गेलो होतो, पेढा बाजूला ठेवून आधी पूर्ण अभंग ऐकायला लावला.

पखवाजवाला

काळी चार, मी कणकवलीकडचा, भजनात पखवाज वाजवतो, शास्त्रीय काय ता माका फारसा कळणा नाय, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू शकतो.

आमच्याकडे चतुर्थीत घराघरात भजन असतं, रात्र-रात्र, एका घरची उसळ खाऊन दुसऱ्या घरी. त्यात अभिषेकीबुवांच्या चालीतला अभंग झाला नाही असं घर मला आठवत नाही. 'अबीर गुलाल' चोखोबांचा, तो आमचे भजनी बुवा अभिषेकीबुवांच्याच चालीत घेतात, वर आपली आलापी. गाणाऱ्याला विचारलं चाल कोणाची तर काही वेळा त्याला सांगता येत नाही, बापाकडून आली म्हणतो. म्हणजे गायक किती खोलवर गेला ते बघा. ज्याने कधी मैफल बघितली नाही, तिकीट काढलं नाही, त्याच्या तोंडात बुवांची चाल आहे आणि तो ती देवापुढे म्हणतो. माझ्या दृष्टीने यापेक्षा मोठं स्मारक नाही.

म्हणून माझी सूचना अशी की नुसतं वाजवू नका, म्हणा. अण्णा ऐकणारे होते मान्य, पण तुमच्या वाडीत भजनी मंडळ असणारच. आधी कॅसेट लावा, एक बाजू, तुमच्या नियमाने, कोणी बोलायचं नाही. बाजू संपली की पेटी काढा आणि बुवांचे अभंग घ्या, म्हणता येतील तसे, सूर वर-खाली झाले तरी चालेल. शेवटाला 'कैवल्याच्या चांदण्याला'. ते आपल्याकडे मयतानंतर बाराव्या-तेराव्याच्या भजनात पण घेतात, तेव्हा दोघांनाही शोभेल.

काकूंना पुढे बसवा. आमच्याकडे असं होतं की गेलेल्या माणसाच्या मित्रांचं सगळं ठरतं आणि घरच्या बाईला कोणी विचारत नाही. तिने पण ती गाणी तेवढीच वर्षं ऐकलीत, स्वयंपाकघरातून. तिला काय ऐकायचंय ते आधी विचारा.

सुरंगी

पखवाजवाला दादा, शेवटचं जे लिहिलंत ना, ते फार बरोबर.

मांडवीकाठ, तुमचं वाचून मी परत विचार केला. दाद ही मैफलीचा भाग असते हे मान्य, पण खोकला आणि मागची बडबड नव्हे, त्यावर मी ठाम आहे. मग असं करता येईल का रत्नांग्रीकर, खोकले आणि खरखर कमी करायची पण "आहा" तेवढं ठेवायचं?

रत्नांग्रीकर

करता येतं. सगळ्या फाइलला एकदम फिल्टर न लावता ऐकत-ऐकत, जिथे खोकला आहे तेवढाच तुकडा निवडून आवाज खाली आणायचा, पूर्ण शून्य करायचा नाही, शून्य केला की तिथे खड्डा पडतो आणि कानाला खोकल्यापेक्षा तो खड्डा जास्त टोचतो. विजेची घूं असेल तर ती ५० हर्ट्झला असते, तेवढीच पट्टी बारीक कापायची. वेळखाऊ काम आहे, एका बाजूला दोन-तीन संध्याकाळी सहज जातील. काळी चार, कच्ची फाइल झाली की मला पाठवा, हे मी करून देतो. पैशांचं बोलू नका. मला तो जोगकंस ऐकायचाय.

काळी चार (वेंगुर्ला)

काल काकूंकडे जाऊन आलो. पखवाजवाला, तुमचं ऐकून विचारलं. त्या म्हणाल्या जोगकंस लावा, पण पहिली बाजू नको, दुसरी लावा, वीज गेलेली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या त्या मैफलीला मीपण होते, पोर मांडीवर झोपलेलं, काळोख झाला तेव्हा हे उठून माझ्याजवळ येऊन बसले आणि टेप बॅटरीवर चालू राहिला. दुसऱ्या बाजूला यांचा आवाज नाही सापडायचा तुला, म्हणाल्या, कारण तेव्हा हे माइकपासून लांब माझ्याशेजारी होते.

मी इतकी वर्षं अण्णांबरोबर ती कॅसेट ऐकली आणि काकू त्या सभामंडपात होत्या हे मला माहीत नव्हतं. त्या आत असायच्या, आम्ही पडवीत. त्यांना बुवांच्या मैफलीबद्दल बरंच काही आठवतंय, कोणती साडी नेसले होते इथपासून बुवांनी मधे तंबोरे कितीदा मिळवून घेतले इथपर्यंत. दोन तास बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात वही घेऊन परत जाणार आहे, कॅसेटींच्या कागदावर अण्णांनी जे अर्धवट लिहिलंय ते त्यांना विचारून पुरं करायचं ठरवलंय.

तर ठरलं ते असं. ७ नोव्हेंबर, संध्याकाळी सात, अण्णांच्या अंगणात. दुसरी बाजू पूर्ण, कच्चीच, काही न कापता. मग वाडीचं भजन. पहिली बाजू रत्नांग्रीकर सावकाश करतील, तिची घाई नाही, ती अण्णांच्या मुलाला आणि नातवंडांना द्यायची, दोन्ही रूपांत, कच्ची आणि स्वच्छ. यूट्यूबवर जाणार नाही. पखवाजवाला, कणकवलीहून यायला जमत असेल तर पखवाज घेऊनच या, आमच्या मंडळाचा वाजवणारा मुंबईला गेलाय. मांडवीकाठ, तुम्हालापण आमंत्रण आहे, रात्री उशीर झाला तर काकूंकडे राहायची सोय होईल, त्यांनीच सांगायला सांगितलंय. सुरंगीताई, लांब आहात, पण त्या दिवशी सातला तुमच्याकडे तुमच्या मैत्रिणीसाठी एक बाजू लावा.

पखवाजवाला

येतंय. सोबत चकवा वाजवणारे आणि झांजवाले दोघे आणतो. जेवणाचा काही करू नका, नुसती उसळ पुरे.